सगळ्यांच्या मागे सुभद्राबाई

सुभद्राबाईंना भ्यायला कारण लागत नसे. वीज कडाडली की त्या भ्यायच्याच, पण नुसतं आभाळ भरून आलं तरी देवघरापुढे जाऊन बसायच्या. कुत्रं, लिफ्ट, दारात उभा असलेला अनोळखी माणूस, अवेळी वाजलेला फोन, सगळ्यांना भीत भीत त्यांनी साठी ओलांडली. नवरा होता तोवर हसायचा. "देवानं इले माणूस कराले घेतलं अन् ससा करून सोडलं," म्हणायचा. तो गेला. हसणारं कोणी राहिलं नाही, भीती तेवढी राहिली.

अशी बाई सायकलवर बसली, ही सारी प्रतीक्षाची करणी. प्रतीक्षा म्हणजे त्यांची सून. डॉक्टरांनी सांगितलं की गुडघ्यांना चालणं सोसणार नाही, सायकल चालेल, आणि आठ दिवसांत हिने दारात लेडीज सायकल आणून उभी केली. लहानपणी माहेरी भावाच्या सायकलवर कैची मारून शेतात जायच्या, एवढीच काय ती सुभद्राबाईंची पुण्याई. पहिले काही दिवस त्या गल्लीतच फिरल्या, तेही शेजारच्या बाया दळण घेऊन गेल्यावर. मग प्रतीक्षाने त्यांचं नाव अमरावतीच्या ज्येष्ठ सायकल मंडळीत घालून टाकलं आणि पंजाबी ड्रेस शिवून दिला. सासूबाईंनी त्यावरही ओढणी डोक्यावरून घेतलीच.

मंडळीचे म्होरके शेखरराव. एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी तोंडातली शिटी काही सुटली नव्हती. आठवड्यातून दोनदा पहाटे निघायचं, कधी बडनेऱ्याकडे, कधी मोझरीला, आणि ऊन तापायच्या आत घरी. सुभद्राबाईंना ट्रकची फार धास्ती. मागून हॉर्न वाजला की त्या उतरून सायकल हातात धरून उभ्या राहायच्या. त्यामुळे दर वेळी सगळ्यांच्या मागे पडायच्या. शेखररावांनी यातूनच युक्ती काढली. म्हणाले, ही बाई जन्मात कोणाच्या पुढं जाणार नाही, तर हिलाच शेपूट करून टाकू.

शेपूट म्हणजे सगळ्यात मागचा माणूस. त्याच्या अंगात नारिंगी जाकीट. मंडळीचा नियम असा, की वाटेत वळण आलं की म्होरक्याच्या मागचा गडी तिथं थांबायचा. मागून येणाऱ्यांना हात करून वाट दाखवायची, आणि शेपूट येऊन "चला" म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. मग तो आणि शेपूट सोबतच पुढं जायचे. म्हातारी माणसं. कोणाला नीट ऐकू येत नाही, कोणाला दिसत नाही. या नियमामुळं आजवर कोणी हरवलं नव्हतं.

वळणावर थांबायचं काम बहुतेक कुर्बानभाऊंकडे असे. त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान. आता ते मुलगा अफनान सांभाळायचा. कुर्बानभाऊंना शुगर होती, बोलायची हौस होती, आणि फोनचा कंटाळा होता. सायकलवर निघताना ते फोन मुद्दाम घरी ठेवायचे. वळणावर पाय रोवून उभे राहायचे आणि सुभद्राबाई लांबून दिसल्या की ओरडायचे, "या ताई या, सारे ट्रक थांबवून ठेवले तुमच्यासाठी." त्यांची बायको नईमाभाभी कधी डब्यात शेवया द्यायची, सुभद्राबाई कधी तिळाची चटणी. ट्रकच्या रस्त्यावरून एकदाचं त्या वळणाशी पोचलं आणि कुर्बानभाऊ दिसले की सुभद्राबाईंच्या छातीतली धडधड बसायची. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. पण ते कुर्बानभाऊंना ठाऊक होतं.

चैत्र सरत आला होता तेव्हाची गोष्ट. गुरुवार होता म्हणून मंडळी मोझरीला गेली. राष्ट्रसंतांच्या समाधीपुढे बसून प्रार्थना झाली, बाहेर चहा झाला. पोटभर खाणं नेहमीसारखं परतीच्या वाटेवर, नांदगाव पेठच्या पोहेवाल्याकडे व्हायचं होतं. परतताना हायवे सोडून कालव्याकाठच्या रस्त्याला लागायचं. तो रस्ता थोडा लांबचा, पण ट्रक नसलेला. त्या वळणावर, कालव्याच्या पुलाशी, कुर्बानभाऊ थांबले.

मागे सुभद्राबाई आणि माणिकबाई होत्या. माणिकबाईंचा भाजीचा धंदा, बाई काटक, पण त्या दिवशी वळणाच्या बऱ्याच अलीकडे त्यांना घेरी आली. सायकल धरून त्या रस्त्याच्या कडेलाच बसल्या. सुभद्राबाईंची गाळण उडाली. पाणी पाजलं, वारा घातला, देवाचं नाव घेतलं, पण माणिकबाईंना उठवेना. तेवढ्यात संत्र्यांची खोकी घेऊन एक छोटा टेम्पो अमरावतीकडे निघाला होता, तो थांबला. दोन्ही सायकली खोक्यांवर चढवल्या आणि दोघी पुढे बसल्या. टेम्पोवाला सरळ हायवेने निघाला. त्याला कालव्याचा रस्ता कशाला हवा होता? वळण कधी मागे गेलं ते सुभद्राबाईंना कळलंही नाही, कारण माणिकबाईंचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं आणि डोळे मिटलेले होते.

टेम्पोतूनच त्यांनी शेखररावांना फोन लावला. टेम्पोने येतो आहोत, काळजी नको, म्हणाल्या. शेखरराव पोहेवाल्याकडे पोचले होते. बरं झालं म्हणाले. कुर्बानभाऊ दिसत नाहीत असं तिथं कोणी म्हणालंही. पण वळणावरचा माणूस शेपटासोबतच येतो हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. शेपूट टेम्पोत आहे म्हणजे कुर्बानभाऊही टेम्पोत. सगळ्यांनी पोहे खाल्ले आणि आपापल्या घरी गेले.

सुभद्राबाईंनी माणिकबाईंना त्यांच्या लेकाच्या हवाली केलं, घरी आल्या, आंघोळ केली, पूजेला बसल्या. प्रतीक्षाचा नवरा सकाळीच बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला कामावर गेला होता. बाहेर ऊन चांगलंच चढलं होतं, खिडकीचा लोखंडी गज हात लावू देत नव्हता. देवाला फूल वाहत असतानाच फोन वाजला.

नईमाभाभी होती. आवाज शांत होता. "ताई, आज हे तुमच्याकडेच बसले काय? उशीर झाला. गोळी घेऊन गेले हायेत, पोटात काई नाई."

सुभद्राबाईंच्या हातातलं फूल ताम्हनात पडलं. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांना ते वळण दिसलं. कालव्याचा तो उघडा पूल, झाड नाही, झुडूप नाही, आणि तिथं हात वर करायच्या तयारीत उभा असलेला माणूस. "चला" कोणी म्हटलंच नव्हतं. म्हणायचं होतं ते त्यांनी.

"भाभी, मी आणते," एवढंच त्या बोलल्या. कुठून ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची छाती झाली नाही.

प्रतीक्षा स्वयंपाकघरातून धावत आली तेव्हा सासूबाई साखरेच्या डब्यात हात घालून मुठी रुमालात बांधत होत्या. त्यांच्या नवऱ्यालाही शुगर होती. गोळी पोटात आणि अन्न नाही म्हणजे काय होतं ते त्यांनी आपल्या घरात पाहिलं होतं. प्रतीक्षाने शेखररावांना फोन करून गाडी घेऊन यायला सांगितलं, आपली स्कूटी काढली आणि सासूला मागे बसवलं.

हायवेला लागल्यावर सुभद्राबाईंनी सुनेच्या कमरेला मिठी मारली. शेजारून ट्रक गेला की सगळं अंग आत ओढलं जायचं. पण ट्रकपेक्षा डोळ्यांपुढची चित्रं भयंकर होती. कुर्बानभाऊ पडले असतील. कालव्यात पडले असतील. कोणी पाहिलं नसेल. नईमाभाभी दारात उभी असेल. त्यांनी हनुमानाला नवस बोलायला सुरुवात केली, मग वाटलं की कुर्बानभाऊंसाठी हनुमान ऐकेल का, मग वाटलं ऐकेल, देव जात विचारत नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून बोलल्या. रस्त्याच्या कडेला कुर्बानभाऊंच्या सदऱ्यासारखं पांढरं काही दिसलं की त्या प्रतीक्षाला थांबायला लावायच्या. एकदा ते खताचं पोतं निघालं, एकदा दुसऱ्याच कोणाचा सदरा काटेरी कुंपणावर वाळत होता. "आई, असं करून आपण संध्याकाळी पोचू," प्रतीक्षा म्हणाली. त्यावर सुभद्राबाईंनी डोळे मिटून घेतले.

वळण आलं. सायकल होती. पुलाच्या कठड्याला टेकून उभी होती आणि हँडलला कुर्बानभाऊंचा उन्हात डोक्याला गुंडाळायचा दुपट्टा उंच बांधला होता, झेंड्यासारखा. माणूस नव्हता.

सुभद्राबाई स्कूटीवरून उतरल्या. कालव्यात पाणी होतं. गढूळ, ओढ असलेलं. त्या कठड्याशी गेल्या आणि खाली पाहायचं धाडस होईना. पाठ वळवून उभ्या राहिल्या आणि सुनेला म्हणाल्या, "तू पाह्य बाई. मले पाहवत नाई."

प्रतीक्षाने खाली पाहिलं. पाण्यात काही नव्हतं. पण पुलाच्या पलीकडे, शेतात पाणी सोडायच्या मोठ्या सिमेंटच्या नळीच्या तोंडाशी एक पाय दिसत होता. बूट घातलेला.

त्या पायाकडे सुभद्राबाई कशा पोचल्या ते त्यांना नंतर सांगता आलं नाही. उतारावर घसरल्या, तळहात सोलले. कुर्बानभाऊ नळीच्या सावलीत भिंतीला टेकून बसले होते. कपडे घामाने चिंब, हात गार, डोळे उघडे पण समोरच्याला न ओळखणारे. ओठ हलत होते. सुभद्राबाईंनी साखर तळहातावर ओली केली आणि बोटाने त्यांच्या गालाच्या आत चोळली. पुन्हा घेतली, पुन्हा चोळली. अर्धी साखर त्यांच्या दाढीत जात होती. दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याला, परक्या पुरुषाला हात लावतो आहोत, हे मनात आलं नाही.

"कुर्बानभाऊ, मी आली. भाऊ, मी सुभद्रा."

त्या चोळतच राहिल्या. मग त्यांनी गिळलं. आणखी थोड्या वेळाने मान सरळ झाली आणि त्यांनी सुभद्राबाईंकडे पाहिलं, जाकिटाशिवायची ही बाई कोण हे ओळखायचा प्रयत्न केल्यासारखं.

"ताई," ते जड जिभेने म्हणाले, "पंक्चर झाली होती काय?"

सुभद्राबाई तिथंच मातीत बसल्या आणि रडू लागल्या. प्रतीक्षाने विचारलं की काका, तुम्ही निघून का आला नाहीत, इतक्या उन्हात थांबायचं काय कारण. कुर्बानभाऊ थांबत थांबत बोलले. जातोच म्हनलं होतं मी, म्हणाले. दोनदा सायकलीवर बसलो. पण ही बाई ट्रकले भेते. मी गेलो अन् ही मांगून एकटी आली, इथं कोनीच नाई, तर जीव सोडन न इथंच. म्हून थांबलो. मग डोळ्यापुढं अंधारी यायले लागली, तर दुपट्टा बांधून ठेवला, तिले दिसला पायजे म्हून.

शेखररावांची गाडी आली. दवाखान्यात सलाईन लावली. डॉक्टरांनी सांगितलं की आणखी उशीर झाला असता तर बोलायला माणूस राहिला नसता. ते ऐकून शेखररावांनी शिटी खिशात घातली आणि बराच वेळ बाहेर काढली नाही.

नईमाभाभी आली तेव्हा सुभद्राबाई बाकावरून उठून कोपऱ्यात गेल्या. वाटलं, आता ही विचारेल. तरी त्यांनीच पुढं होऊन सगळं सांगितलं, टेम्पोचं, फोनचं, विसरल्याचं. नईमाभाभीने ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो तिने लपवला नाही. "माणूस काय छत्री हाय ताई, विसरून यायले?" म्हणाली. थोड्या वेळाने नईमाभाभीने त्यांचे सोललेले तळहात पाहिले, पर्समधून मलम काढलं आणि लावून दिलं. दोघी तशाच एका बाकावर बसून राहिल्या, कुर्बानभाऊंनी आतून पाणी मागेपर्यंत.

मंडळीत आता वळणावर दोघं थांबतात. फोन सगळ्यांकडे असतो, कुर्बानभाऊंच्या गळ्यात तर अफनानने दोरीने बांधून दिला आहे. पण सुभद्राबाईंची भीती काही कमी झाली नाही, तिनं फक्त घर बदललं. ट्रकचं त्यांना आता तेवढं वाटत नाही. घरी आल्यावर आंघोळीच्याही आधी त्या एकेकाला फोन लावतात, आणि प्रत्येकाचा आवाज स्वतःच्या कानाने ऐकल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत. मंडळी थट्टा करते. माणिकबाई तर फोन उचलूनच म्हणतात, "हाव, जित्ती हाये मी. ठेव आता."

परवाच्या फेरीनंतर त्यांनी कुर्बानभाऊंना फोन लावला. घंटी वाजत राहिली. कोणी उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सुभद्राबाई देवघराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. प्रतीक्षाला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडून नईमाभाभी बोलली.

"नहानीत हायेत ताई. फोन खुंटीले टांगून गेले. बोलवू काय तसेच, साबनासकट?"

"नको, नको," सुभद्राबाई म्हणाल्या. पण फोन ठेवला नाही. "पाण्याचा आवाज येते काय, तेवढं ऐकवा."

नईमाभाभी फोन घेऊन नहानीच्या दाराशी गेली. आत बादली खडखडली आणि कुर्बानभाऊ कोणावर तरी, बहुधा गरम पाण्यावर, खेकसले. सुभद्राबाईंनी ते पुरतं ऐकून घेतलं आणि मग पुढचा नंबर लावला.