दाजींचा सिलिंडर भाईंच्या रिव्हॉल्वरमध्ये

"मेस्त्री, माझ्या रिव्हॉल्वराक काय केलंस तू? सिलिंडर डुगडुगता."

फोनवर भाई होते. मी जेवून नुकताच आडवा झालो होतो. "नवा तेल घातलंय मां, म्हणान मोकळो लागता आसतलो," असं मी म्हणालो आणि उठून बसलो. तेल घातल्यानं सिलिंडर डुगडुगत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. सकाळी दाजींच्या रिव्हॉल्वरचा सिलिंडर फिरताना किंचित अडखळत होता, हेही आठवलं. एकाचा ढिला, एकाचा अडकणारा. आणि दोन्ही सकाळी माझ्याच टेबलावर, केरोसिनच्या एकाच ट्रेमध्ये पडलेले होते.

माझं मालवणच्या बाजारात बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. परवान्याचं. कामाला येतात त्या बहुतेक शेतीरक्षणाच्या बंदुका, वानरं आणि डुकरं पळवायला लोकांनी घेतलेल्या. रिव्हॉल्वर क्वचित येतं. निवडणूक जाहीर झाली की सगळ्यांना आपापली हत्यारं पोलिसांकडे जमा करावी लागतात. निकाल लागला की ती परत मिळतात आणि थेट माझ्याकडे साफसफाईला येतात. दर निवडणुकीनंतर निवडून आलेल्या माणसाच्या खालोखाल गर्दी माझ्या दारात असते.

दाजी आणि भाई हे सख्खे भाऊ. दाजी थोरले, त्यांचा काजूचा कारखाना. भाई मुंबईत सोन्याचांदीच्या पेढीवर होते, रिटायर होऊन गावी आले. दोघांकडे बत्तीस बोअरचं लहान फ्रेमचं रिव्हॉल्वर, म्हणजे कोटाच्या खिशात मावेल असं. दोन्ही एकाच कंपनीची, एकाच नावाची. दाजींचं वडिलांच्या वेळचं, भाईंचं त्यानंतर पुष्कळ वर्षांनी घेतलेलं. शेजारी ठेवली तर जुळी वाटतात. आतून मात्र कंपनीनं मधल्या काळात बरंच काही बदललेलं होतं.

दोघांचं बोलणं बंद होतं. वडील गेल्यावर देवळात गाऱ्हाणं घालताना, म्हणजे देवाला साकडं घालताना, पहिला नारळ कोणी ठेवायचा, यावरून. आमच्याकडे जमिनीचं भांडण मिटतं, मानाचं मिटत नाही.

दोघांची हत्यारं सुटली एकाच दिवशी, आणि दोघांनी पोलिसांकडे देण्याआधी गंजू नये म्हणून खोबरेल तेल चोळलेलं. भावंडं ती, खोड एकच. खोबरेल सुकलं की डिंकासारखं चिकट होतं. दोन्ही सिलिंडर जागेवरून हलत नव्हते. दाजी म्हणाले, "आधी माझा कर." पाठोपाठ भाई आले आणि म्हणाले, "तेचा आधी केलंस तर माझा परत दी."

एकाचं आधी केलं असतं तर दुसऱ्याला तासाभरात कळलं असतं. म्हणून मी शहाणपणा केला. दोन्ही एकदम खोलली. दोन्ही सिलिंडर एका ट्रेमध्ये भिजवले, एकाच ब्रशनं घासले, एकाच फडक्यानं पुसले. कोणीही पहिला नाही, कोणीही दुसरा नाही. त्या समानतेत कोणता कोणाचा हेही राहिलं नाही. जुन्या सिलिंडरच्या पाठीवर बारीक नंबर कोरलेला असतो, नव्याच्या पाठीवर नसतो. एवढं पाहिलं असतं तरी पुरे होतं. पण तो नंबर बघायला मला चष्मा लागतो, आणि चष्मा दुकानाच्या दुसऱ्या टोकाला होता.

यात एवढं घाबरण्यासारखं काय, ते सांगतो. सिलिंडर म्हणजे काडतुसं बसतात ते गोल फिरणारं चाक. त्याला सहा घरं. ट्रिगर ओढला की आतून एक पट्टी वर येते आणि सिलिंडरच्या मागच्या दात्याला ढकलते. चाक एक घर पुढे सरकतं. खालून एक खुंटी येऊन खाचेत बसते, टक्. त्या क्षणी घर आणि नळी एका रेषेत यायला हवीत. याला आम्ही टायमिंग म्हणतो. प्रत्येक रिव्हॉल्वरचे दाते त्याच्या त्याच्या पट्टीशी घासून जुळवलेले असतात. दुसऱ्याचा सिलिंडर बसतो, फिरतोसुद्धा, पण केसभर अलीकडे नाहीतर पलीकडे थांबतो. मग गोळी नळीच्या तोंडाला घासते आणि शिसं तासलं जाऊन बाजूला उडतं. बाजूला जो उभा असेल त्याच्या तोंडावर. जास्तच चुकलं तर हत्यार हातात फुटतं.

आणि दाजी दुसऱ्या दिवशी सकाळी ओरोसच्या रेंजवर नेमबाजीच्या सरावाला जाणार होते. आयुष्यात पहिल्यांदा. भाईंनी देवळाच्या आवारात चारचौघांत म्हटलं होतं की दाजीचं रिव्हॉल्वर फक्त दसऱ्याला हळदकुंकू लावण्यापुरतं आहे. दाजींनी तिथल्या तिथे परवानगीची खटपट सुरू केली. भाईंनीही जाहीर केलं होतं की ते बघायला जाणार आणि अगदी बाजूला उभे राहणार.

मी दाजींना फोन लावला.

"दाजी, आपलं रिव्हॉल्वर जरा परत आणता का? एक किरकोळ तपासणी राहिली आहे."

मग दाजी म्हणाले, "तू शुद्ध कित्याक बोलतस?"

खोटं बोलायचं झालं की माझी भाषा शुद्ध होते. लहानपणापासूनची खोड आहे.

"नाही, तसं काही नाही. नियमाप्रमाणे—"

"भायन सांगल्यान काय तुका? उद्याचा माझा जाणा रद्द करूक बघता काय तो?"

"भाईंचा काही संबंध नाही दाजी."

"मगे उद्या सकाळी थयच तपास," म्हणाले आणि फोन ठेवला.

भाईंना फोन केला तर ते म्हणाले, "दाजीन पाठवल्यान तुका. माझा रिव्हॉल्वर तुझ्याकडे अडकवन ठेवचा आणि आपण एकट्यान शायनिंग मारुची. माका कळणा नाय काय?"

मी स्वतः जाऊन दोन्ही हत्यारं घेऊन येणंही शक्य नव्हतं. परवाना ज्याचा, त्यानंच हत्यार आणायचं आणि न्यायचं. दुसऱ्याचं रिव्हॉल्वर स्कूटरच्या डिकीत घालून मी निघालो असतो तर पुढची निवडणूक तुरुंगातून बघितली असती.

खरं सांगायचं तर खरं सांगावं हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. दुकानात मी चूक कबूल करत नाही. 'जुना माल आहे', 'हवेत खार आहे', 'बघूया', एवढ्या तीन वाक्यांवर मी आयुष्य काढलं आहे. स्कूटर काढली आणि दाजींच्या कारखान्यावर गेलो. वाटेत चौथं वाक्य शोधत होतो. सापडलं नाही.

दाजी काजू फोडणाऱ्या बायकांच्या ओळीत उभे होते. मला बाजूला घेऊन बोलायचं होतं, पण दाजी हलायला तयार नाहीत.

"हयच बोल. ह्या सगळ्या घरच्याच."

मी बोललो. "दाजीनू, माझी चूक झाली. तुमचो सिलिंडर भाईंच्या रिव्हॉल्वरात गेलो आणि भाईंचो तुमच्यात इलो. उद्या बार काढलात तर शिसा उडतला. भाई बाजूक उभे रवतले, तेंच्या तोंडार."

सगळ्या ओळीचे हात थांबले. दाजी माझ्याजवळ आले.

"तेचो माझ्यात?"

"होय."

"माझो तेच्यात?"

"होय."

"आणि दोनातलो बरो खयचो?"

मी म्हटलं, "दोनय बरे. जागा चुकली."

ओळीतली एक म्हातारी काजूवरची नजर न काढता म्हणाली, "पुरुषांका टोपां घासूक दिली की झाकणां अशीच बसतत." बायका खदाखदा हसल्या. दाजी हसले नाहीत, पण खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. "भायक लाव. पण बोल तूच."

भाईंना मी तेच सांगितलं, मालवणीत, एका दमात. भाई लगेच मऊ झाले असं नाही. "तेका आधी येवंदे," म्हणाले.

"दोघांनीय येवचा. पण ह्या वेळेक एक एक खोलतलंय. उद्या ज्येचो बार, तेचो पयलो."

"म्हणजे मान तेका."

"भाई, हत्यार हातात फुटला तर?"

"मेलो तर सुतक माकाच धरूचा लागतला," असं भाई म्हणाले आणि निघाले.

संध्याकाळी दोघं माझ्या दुकानात एका बाकावर बसले, मधे दोन माणसांची जागा सोडून. सुरुवातीला सगळं माझ्यामार्फत चाललं. "मेस्त्री, तेका सांग पाय काढ." "मेस्त्री, तेका सांग बाक तेच्या बापाशीचो नाय." मी म्हटलं, बापूस तुमचो एकच. दोघांनीही मला गप्प बस म्हणून सांगितलं.

मी चष्मा घातला. दाजींचं हत्यार उघडलं, सिलिंडर काढला. पाठ कोरी. भाईंच्यातला काढला, त्यावर नंबर. दाजींनी तो माझ्या हातातून घेतला, दिव्याकडे धरला आणि चष्म्याशिवाय वाचला.

"एवढो मोठो नंबर आसा. तुझो चष्मो खंय होतो?"

"नाकार नाय होतो मां," भाई परस्पर म्हणाले.

दाजी त्यांच्याकडे वळले. "ह्येच्याकडे कोण देता रे हत्यार?"

"बापाशीन दाखवलेलो मेस्त्री. मी नाय."

"ह्येचो बापूस बरो होतो. ह्यो असो निघालो."

"डोळ्यांचा जावंदे. डोक्या तरी लावचा."

बऱ्याच वर्षांनी दोघांचं एकमत झालं होतं, आणि ते माझ्या अकलेवर. मी मान खाली घालून काम करत होतो. दाजींचा सिलिंडर दाजींच्या फ्रेममध्ये बसवला. रिकामं हत्यार, बोटाचा हलका दाब सिलिंडरवर, हळूहळू घोडा मागे. टक्. सहाही घरं जागच्या जागी थांबली. मग फडकं बदललं, ट्रे उचलून ठेवला आणि भाईंचं घेतलं.

सकाळी रेंजवर मीही गेलो. बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. भाई ठरल्याप्रमाणे बाजूला उभे. मला त्यांना मागे ओढायचं होतं, पण ओढलं असतं तर माझाच माझ्या कामावर विश्वास नाही असं झालं असतं. तिथल्या इन्स्ट्रक्टरनं ते काम केलं. "काका, तुम्ही पिवळ्या रेषेच्या मागे. आणि आजोबा, घाई करू नका, श्वास सोडा, मग ओढा." आजोबा म्हटल्यावर दाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की मी आधी नळी कुठे रोखलेली आहे ते बघितलं.

पहिला बार झाला. मी डोळे मिटले होते. उघडले तर दाजी उभे होते, दोन्ही हात जागेवर, भाईंचा गाल जागेवर. उरलेले पाच मी डोळे उघडे ठेवून ऐकले. सगळे स्वच्छ. नंतर पाहिलं तर दोन गोळ्या दाजींच्या कागदावर होत्या आणि एक शेजारच्या माणसाच्या. बाकीच्या कुठे गेल्या ते इन्स्ट्रक्टरनं सांगितलं नाही.

"सिलिंडर मेस्त्रीन बदलून दिल्यान," भाई म्हणाले. "आता मनगट बदलून घी."

"तू मारून दाखव."

"पुढच्या म्हयन्यात."

"मी येतंय बघूक."

असं आता दोघांचं बोलणं सुरू आहे. नारळाचा मान अजून भांडणातच आहे. बोलतात ते मुख्यतः माझ्याविषयी.

गावात मात्र वेगळीच गोष्ट पसरली. मेस्त्रीनं डोकं लढवून मुद्दाम सिलिंडर बदलले आणि भावांना समोरासमोर आणलं, अशी. देवळात पुजाऱ्यांनी लोकांसमोर कौतुक करून माझ्या हातावर प्रसादाचा नारळ ठेवला. दाजी आणि भाई बघत होते. दोघंही काही बोलले नाहीत, आणि मीही. नारळ घेतला आणि घरी आलो. चूक दोन वेळा कबूल केली होती, पण एकदा काजूवाल्या बायकांसमोर आणि एकदा फोनवर. देवळात ती तोंडातून निघाली नाही. म्हणून इथे लिहितो: मुद्दाम काही नव्हतं. चष्मा लांब होता आणि मला कोणाचाच रोष नको होता.

आता दुकानात एका वेळी एकच हत्यार खोलतो. कोणाचं आधी, यावरून भांडण झालं तर होऊ देतो. भांडणात शिसं उडत नाही.