रागावूनच मानते

दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जत्रेत पांढुर्णा अन् सावरगाव ही गावं एकमेकांवर गोटे फेकतात, त्या गोटमारीनंतरची गोष्ट. दवाखान्यात माझा म्हातारा बाप शेवटच्या दुखण्यात पडला होता; त्याच्या शेजारच्या खाटेवर एक तरणा पोरगा होता, डोळ्यावर पट्टी. त्याची आई, गळ्यात क्रूस, घडोघडी त्याचं पांघरूण सारखं करायची. चर्चमधली एक बाई तिला म्हणाली, "देवाची इच्छा समज, माय."

ती कडाडली, "गोटा माणसानं मारला, माणसंच टाळ्या पिटून राहिले होते! देवाच्या अंगावर कायले ढकलता?"

मग खाटेचा दांडा गच्च धरून तिनं डोळे मिटले. "बापा, डोळा ठेव, नाहीतर ने. तुयी मर्जी मानते मी. पण आज रागावूनच मानते, सांगून ठेवते. आमेन!"

माझा म्हातारा दचकून जागा झाला. त्याचा हात धरून मीही म्हटलं, आमेन. दात आवळूनच.