बाहुलीच्या तोंडून

रविवारी दुपारी सुधामावशीबरोबर मी टीव्हीवर एक जुनी विज्ञानमालिका पाहत होते. त्या भागात परग्रहावरून आलेल्या बाहुल्या माणसांची गुपितं त्यांच्याच आवाजात बोलू लागल्या, तशी मी दचकले. मावशी मात्र शांत होती. तिनं वीस वर्षं शाळाशाळांतून बाहुल्यांचे खेळ केले होते.

"यात घाबरायचं काय?" ती म्हणाली. "माझी बाहुली म्हणायची ना, 'धनी, आज मारू नका'? ते मी तुझ्या काकांना सांगत होते. शेजारीच पेटी वाजवत बसायचे ते."

त्या वाक्याला सगळ्यात मोठा हशा पिकायचा. समोर इतकं उघड बोललेलं दुःखही आपण करमणूक म्हणून ऐकतो.

"मावशी, मीही हसायचे गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्याच रांगेत असायचीस तू."