उघडे खांब

आमगावच्या एका राइस मिलमध्ये आम्ही कामगारांसाठी लोखंडी सांगाड्याच्या तयार खोल्या एकीवर एक बसवल्या. खांबांना आगरोधक बोर्ड लावा म्हणून मी मालकाशी तावातावानं भांडलो. तो हसला, "लोखंड कायले जळते, साहेब?"

उन्हाळ्यात खोल्या भट्टीसारख्या तापल्या, तेव्हा लोकांनी गोठ्याला लावतात तशी धानाची तणीस, म्हणजे वाळला पेंढा, भिंतींना लावली. एका दुपारी तीच पेटली. सगळे बाहेर पळाले.

"खांब तं उभेच हायेत! सामान काढून आना," मालकानं वरच्या खोलीकडे बोट दाखवलं. दोघं कामगार निघाले. मी वाटेत आडवा झालो, ओरडलो, "मरायचं आहे का?" एकानं मला ढकललं.

तेवढ्यात, ते दोघं पुढं जायच्या आत, खांब तापून मेणासारखा वाकला आणि वरची खोली धाडकन खाली आली.

मालकाचं बोट अजून वरच होतं. तिथं आता नुसतं आभाळ होतं.