दहाचे अकरा

हे मी नितीनलाही सांगितलेलं नाही. नितीन माझा नवरा. एकाच टेबलावर समोरासमोर लॅपटॉप उघडून आम्ही बसतो, आणि तरी नाही. प्रयत्न केला नाही असं नाही — दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोलून मोकळी झाले. एकदा तर डिशवॉशरबद्दल बोलले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. बघू या.

आधी थोडं चांगलं सांगते. तेवढाच वेळ मिळेल.

मी मूळची नागपूरची. गेली नऊ वर्षं ॲरिझोनात, चँडलरला आहे, चिप बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. ते काम पोटासाठी. हौसेसाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, त्याचं नाव ठेवलं दवंडी. लहान गावांच्या वेबसाइटवर सूचना लावायच्या — कार्यक्रम कुठे, कधी, किती वाजता — एवढंच त्याचं काम. तो मी ओपन सोर्स करून टाकला. म्हणजे त्याची ओळन् ओळ सगळ्या जगाला वाचायला खुली. कुणीही फुकट वापरा, हवा तर बदला. आणि केलेल्या प्रत्येक बदलाची तारखेसकट नोंद राहते, तीही कुणालाही बघता येते. हे जरा लक्षात ठेवा.

वापरणारे फार नव्हते. पण ऑस्ट्रेलियातल्या एका लहानशा गावातून एक दिवस ईमेल आली. लिहिणाऱ्या जॉईस नावाच्या बाई, निवृत्त शिक्षिका. गावचं छापील साप्ताहिक बंद पडलं तेव्हा त्यांनी एकटीने गावच्या बातम्यांची साइट सुरू केली होती आणि त्यांना माझी दवंडी आवडली होती. मी त्यांना मनात जॉईसबाईच म्हणायचे, शाळेतल्या बाईंसारखं. दवंडीचं नाव कसं उच्चारायचं म्हणून त्यांनी दोन वेळा विचारलं, मी दोन वेळा लिहून कळवलं, आणि शेवटी अख्खं गाव 'डॅवंडी' म्हणायला लागलं.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की मी ती साइट उघडायचे. काल पाऊस किती मिलिमीटर पडला. कुणाचा लंगडा कुत्रा हरवलाय. चर्चच्या छपरासाठी शनिवारी केकविक्री. हॉस्पिटलला नेणारी बस या गुरुवारी येणार नाही. आमच्या शेजारच्या घरात कोण राहतं ते मला आजही धड माहीत नाही, पण तो लंगडा कुत्रा सापडला त्या दिवशी मला खरंच हायसं वाटलं. नितीन चिडवायचा, "काय यार, तुझं ऑस्ट्रेलियातलं माहेर काय म्हणतंय आज?" मला राग यायचा नाही. थोडंसं खरंच होतं ते.

आता व्हिसाचं सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही — आणि कळलं म्हणून ते माफ होतं असंही नाही.

माझ्या व्हिसावर आम्ही दोघं इथे होतो. मुदत संपत आली होती, ऑफिसात दर महिन्याला कुणाची ना कुणाची खुर्ची रिकामी दिसायची. ग्रीन कार्डाच्या नेहमीच्या रांगेत आमचा नंबर येईपर्यंत केस पिकले असते. दुसरा एक दरवाजा होता: आपलं काम नोकरीपलीकडे जगाच्या उपयोगाचं आहे असं सिद्ध करायचं. साठे काका इथे चाळीस वर्षं काढलेले, आता रिटायर्ड. आमच्यासारख्यांना सल्ला देणं हा त्यांचा छंद. ते म्हणाले, "अगं, नुसतं चांगलं काम करून इथे काही होत नाही. ते कुणीतरी परक्याने लेटरहेडवर लिहून द्यावं लागतं. लेटर्स जमव, लेटर्स."

मग मी पत्रं जमवायला लागले. आमच्यातले सगळेच जमवतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. जॉईसबाईंना विचारलं तर त्या आनंदाने तयार झाल्या. सप्टेंबर संपत आला होता. आमचा अर्ज तयार करणाऱ्या वकिलाला सगळी पत्रं ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हवी होती.

आणि घड्याळांचं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी वर्षातून दोनदा घड्याळं तासभर मागेपुढे करतात. आमच्याकडे ॲरिझोनात करत नाहीत. आमच्या ओव्हनवरच्या घड्याळाला ते लावल्यापासून कुणी हात लावलेला नाही. जॉईसबाईंच्या गावात मात्र करतात — ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रविवारी घड्याळ तासभर पुढे. वर्षभरापूर्वी कुणीतरी अनोळखी माणसाने मला कळवलं होतं की घड्याळ बदलायच्या आठवड्यात दवंडीतल्या वेळा चुकतात असं वाटतं. मी माझ्या लॅपटॉपवर तपासलं. माझ्या लॅपटॉपवर ॲरिझोनाची वेळ. तिथे काय चुकणार? 'माझ्याकडे असं होत नाही' असं लिहून मी ती तक्रार बंद करून टाकली.

ही चूक. चूक कुणाच्याही हातून होते. मी सांगायला बसलेय ते हे नव्हे.

त्या ऑक्टोबरात गावातले हॅरी नावाचे आजोबा वारले. जॉईसबाईंनी गुरुवारी सूचना लावली: दफनविधी सोमवारी, सकाळी दहा. मधला रविवार घड्याळ बदलण्याचा. गावातल्यांना तर तोंडीच कळलं होतं. पण केन म्हणून एक म्हातारे गृहस्थ गावापासून दूर शेतावर एकटे राहायचे. हॅरी आणि ते चाळीस वर्षं जोडीने मेंढ्यांची लोकर कातरायला गावोगाव फिरले होते. सोमवारी निघण्याआधी वेळ पक्की करावी म्हणून त्यांनी साइट उघडली. अकरा. त्यांनी ते पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं. हॅरीबद्दल चार शब्द बोलायचे म्हणून एक पानही लिहून खिशात घातलं. ते वेळेच्या आधी पंधरा मिनिटं पोचले. तोवर माती लोटून झाली होती आणि लोक हॉलमध्ये चहा घेत होते.

कार्यक्रमाची वेळ टळली की सूचना पानावरून आपोआप उतरते, त्यामुळे जॉईसबाईंना ती परत बघता येईना. त्यांनी मला लिहिलं: केन रागावलेले नाहीत, नुसते गोंधळलेत. मी तर दहाच लिहिलं होतं. आपोआप बदललं असेल का? नसेल तर तसं सांग, म्हणजे मला त्यांना सांगता येईल.

मी लॅपटॉपवर त्यांच्या गावची वेळ लावली, तारीख रविवारच्या पुढे सरकवली. माझ्या डोळ्यांदेखत दहाचे अकरा झाले. वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कार्यक्रमाच्या दिवशी घड्याळ कसं असेल हे न बघता माझा प्रोग्रॅम आजच्या घड्याळाने हिशोब करत होता. कॉलेजातल्या मुलाने करावी तशी चूक. आणि वर्षभरापूर्वी मला सांगूनही झालेली.

मला तेव्हा काय वाटलं सांगू? केनचा विचार आला असता तर बरं झालं असतं. पहिला विचार पत्राचा आला. हे उघड्यावर आलं तर जॉईसबाई काय लिहून देणार — ही बाई हुशार आहे, हिच्यामुळे आमचा एक माणूस मित्राला माती द्यायला मुकला? आणि वकिलाने तर सांगितलेलंच होतं की अर्ज तपासणारे इंटरनेटवर सगळं बघतात.

मग मी शांतपणे बसले — हो, अगदी शांतपणे — आणि चूक दुरुस्त केली. जुन्या सूचनांच्या वेळाही मागे जाऊन आपोआप सुधारतील असं केलं. आणि जुन्या सूचना परत बघता येतील अशी एक नवी सोय घातली. ती कुणी मागितली नव्हती. ती मी पुरावा म्हणून घातली. कळतंय ना तुम्हाला? पुरावा तयार केला मी. नोंदीत या बदलाचं नाव लिहिलं, 'किरकोळ साफसफाई'.

जॉईसबाईंना उत्तर लिहिलं: मी नीट तपासलं, प्रोग्रॅममध्ये दहाच आहेत. केन यांच्या वाचण्यात चूक झाली असावी, या वयात होतं. नवीन आवृत्ती टाकून घ्या, जुन्या सूचना बघता येतील, तुमचीच खात्री पटेल. शेवटी लिहिलं, पत्राचं सवडीने बघा, घाई नाही.

'या वयात होतं.' हे मला कुणी लिहायला लावलं होतं? दहाच आहेत एवढ्यावर थांबता आलं असतं. नाही थांबले.

त्यांनी आवृत्ती टाकली, जुन्या सूचनांचा कप्पा उघडला, दहा बघितले. मला आभाराची ईमेल आली. केनना त्यांनी हळुवारपणे सांगितलं म्हणे. ते पाकीट दाखवत राहिले. त्यांची मुलगी आधीपासून म्हणतच होती की बाबा हल्ली विसरतात — हे त्याच ईमेलमध्ये होतं, जाता जाता लिहिलेलं. चार दिवसांनी पत्र आलं, शाळेतल्या बाईंच्या रेखीव भाषेत. त्यात एक वाक्य होतं की या प्रोग्रॅमने आमच्या गावाला एकदाही दगा दिलेला नाही. मी ते पीडीएफ वकिलाला पाठवलं. वकिलाने ते वाक्य अर्जात उचललं.

पुढचं सगळं मी डबा खाताना वाचलं. नाताळाआधी: केन यांनी गाडी चालवणं सोडलं आहे, त्यांना बाजाराला नेण्यासाठी कुणाला जमेल त्यांनी नाव द्यावं. मग फेब्रुवारीत: केन मुलीजवळ शहरातल्या वृद्धाश्रमात राहायला जात आहेत, त्यांच्या दोन कुत्र्यांना चांगलं घर हवं आहे. मग शेतावरच्या सामानाची विक्री, शनिवारी सकाळी नऊला. हे सगळं दवंडीवर. प्रत्येक वेळी मला वाटायचं की एक ओळ लिहावी. एक ओळ. 'त्यांनी बरोबर वाचलं होतं.' लिहिलीही, बरेचदा, आणि पुसली. अर्ज मंजूर व्हायचाय, झाला की लिहू. मंजूर झाला. कार्ड हातात आलं की लिहू. कार्ड आलं. नितीनने पेढे वाटले, साठे काकांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "स्वतःच्या हिमतीवर मिळवलंस, पोरी." मी वाकून नमस्कार केला. त्यानंतर न लिहायला कुठलंही कारण उरलं नव्हतं, आणि तरी मी लिहिलं नाही. म्हणजे कारण व्हिसा नव्हताच, नाही का? मग काय होतं? हे मी दोन वर्षं स्वतःला विचारते आहे आणि उत्तर दरवेळी तेच येतं, ते सांगायचीही लाज वाटते. जॉईसबाईंना मी आवडते. बस्स, एवढंच.

आणि ते कुठे लपवलेलंही नाही, बघा. ओळन् ओळ उघडी आहे, तारखेसकट. ज्याला दोन अक्षरं कळतात त्याने ती 'किरकोळ साफसफाई' उघडली तर पाच मिनिटांत सगळं दिसेल. मी रोज सकाळी ऑफिसात बसले की आधी बघते, कुणी काही विचारलंय का. कुणीही विचारत नाही. माझी झोप उडाली आहे, अन्नावरची वासना गेली आहे, आणि नितीनला वाटतं ऑफिसचा स्ट्रेस आहे.

गेल्या महिन्यात केन गेले. सूचना जॉईसबाईंनीच लावली: दफनविधी मंगळवारी, सकाळी दहा. त्यांनी प्रेमानेच लिहिलं होतं: आपले केन त्यांच्या जिवाभावाच्या हॅरीच्या मातीला पाऊण तास उशिरा पोचले होते आणि शेवटपर्यंत म्हणायचे की आपण वेळेवरच होतो. त्यांच्या वेळेला आपण तरी उशीर करू नये, सगळ्यांनी पंधरा मिनिटं आधी यावं. खाली लोकांनी हसरे चेहरे टाकले होते. कुणीतरी लिहिलं होतं, असाच होता आपला केन.

योगायोग म्हणा, त्याही आठवड्यात मधला रविवार घड्याळ बदलण्याचा होता. मी शुक्रवारी बघितलं. रविवारी बघितलं. मंगळवारी, तिकडे विधी सुरू होण्याच्या थोडं आधी, परत बघितलं.

दहाच होते. माझ्या प्रोग्रॅमने वेळ बरोबर दाखवली. सगळे वेळेवर पोचले असतील.