सत्तेचाळीस नंबरचा तुकडा

मुंबई पोलिसात मी बावीस वर्षं चौकश्या केल्या. त्यातल्या बऱ्याचशा आता पुसट झाल्या. स्वेच्छानिवृत्तीनंतर शारजात केलेली एक मात्र तपशिलासकट लक्षात आहे.

हमरिया फ्री झोनमधल्या एका काचेच्या वर्कशॉपची सुरक्षा माझ्याकडे होती. युरोपातल्या एका बंद पडलेल्या चर्चची मध्ययुगीन रंगीत खिडकी इथल्या चॅपलला भेट मिळाली होती आणि ती दुरुस्तीसाठी आमच्याकडे आली होती. शिशाच्या पट्ट्या सोडवून एकेक काच वेगळी केली. पंचनाम्याच्या सवयीने मी यादी केली: एकशे बारा तुकडे, प्रत्येकाला नंबर, ट्रेमध्ये प्रत्येकाचा खण.

एका संध्याकाळी स्टोअरकीपरचा फोन आला. "सर, वो चाचा पाँच बजे के बाद अकेला रुकता है. देख लो."

चाचा म्हणजे आमचा सगळ्यात जुना कारागीर, रत्नागिरीकडचा. मी तडक ट्रेमधले तुकडे मोजले. शेहेचाळीस आणि सत्तेचाळीस हे दोन खण रिकामे होते. चाचांच्या टेबलावर कागदाने झाकलेलं काहीतरी होतं.

"हे काय?"

"शेहेचाळीस."

"आणि सत्तेचाळीस?"

"आहे जागेवर."

"दाखवा."

"आज हात लावायचा नाही, साहेब. उद्या दहाला."

वेळ मागणारा माणूस काहीतरी लपवतो, हा माझा जुना अनुभव. कागदाखाली शेहेचाळीसच आहे असं धरून मी सत्तेचाळीससाठी झडती घेतली. खिसे, पिशवी, शेवटी डबा. डब्यात बांगड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी.

"आधी घास घ्या, मग तपासा," चाचा म्हणाले.

मला हसू आलं नाही. मी वर्कशॉपच्या मॅनेजरला कळवलं, तर तो काही ऐकायलाच तयार नव्हता. "खलास! सकाळी पोलिसात तक्रार, व्हिसा कॅन्सल." चाचांची धाकटी मुलगी तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, हे मला माहीत होतं. चाचांनी पुन्हा एवढंच सांगितलं, "दहाला." चोरी करणारा माणूस दिलेल्या वेळेला असा चिकटून राहत नाही. मी खोलीला सील लावलं आणि मॅनेजरकडून दहापर्यंतची मुदत मागून घेतली.

सकाळी दहाला चाचांनी कागद उचलला आणि काच खिडकीतल्या उजेडात धरली. एका संताचा चेहरा होता. तो पूर्वी कधीतरी फुटला होता आणि कुणीतरी गालावरून शिशाची आडवी पट्टी घालून सांधला होता. पट्टी काढली तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले आणि मी त्यांना दोन नंबर दिले. चाचांनी ते रेझिनने जोडून पुन्हा एक केले होते. जोड सुकेपर्यंत टेबल कुणी हलवू नये, म्हणून ते पाचनंतर थांबत. सुपरवायझरला सांगितलं होतं, पण तो रजेवर गेला होता.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर खात्री करायला तुम्ही कागद उचलला असतात. जोड कच्चा होता."

खरं होतं. मी उचललाच असता.

मॅनेजर हातातला फोन खिशात घालून निघून गेला. माझ्या यादीत 'हरवले' आणि 'फुटले' असे दोन रकाने होते. मी तिसरा आखला: 'जोडले'. इतक्या वर्षांत असा रकाना मला कधी लागलाच नव्हता. त्याखाली चाचांची सही घेतली आणि त्यांची माफी मागितली.

"एकशे अकरा लिहा," सही करून ते म्हणाले. "अजून चार कमी होतील हां, साहेब. दर वेळी डबा उघडायचा असेल तर आधी सांगा, भाकरी जास्त आणतो."

पुढचे चारही जोड होईपर्यंत मी पाचनंतर थांबलो. टेबलाला कुणाचा धक्का लागू नये म्हणून. भाकरी चाचांची असायची.