हनुवटी खाली, नजर वर

नोबुए कितादानीने जन्मात किती जणांची माफी मागितली असेल, ते तिचं तिलाही सांगता यायचं नाही. ओसाकातल्या एका मोठ्या दुकानात तक्रारींच्या खिडकीवर तिची उभी हयात गेली. कुणाच्या किटलीची चोच तुटकी निघाली, नोबुए वाकली. कुणाला एकाच पायाचे दोन बूट मिळाले, नोबुए वाकली. एका गृहस्थाने लोकरीची टोपी घरी उकळत्या पाण्यात धुतली आणि ती आटली म्हणून आरडाओरडा केला, त्याच्यापुढेही नोबुएच वाकली. वाकण्याचे तिथे तीन प्रकार शिकवत. स्वागताचं हलकं, आभाराचं जरा खोल आणि माफीचं सगळ्यात खोल, नजर थेट समोरच्याच्या बुटांच्या टोकांवर. नव्या मुलींना माफीचं वाकणं शिकवायचं असलं की नोबुएलाच उभं करत. नोकरी सुटली तेव्हा तिला लोकांचे चेहरे फारसे आठवत नव्हते, बूट मात्र पुष्कळ आठवत होते.

लग्नसुद्धा माफीतूनच जमलं. संध्याकाळच्या बसमागे ती धावत आली, ड्रायव्हरने बस थांबवली, आणि ही बया आत चढून एकेका बाकापुढे वाकत सुटली. उशीर केला, माफ करा, उशीर केला, माफ करा. तेवढ्यात ड्रायव्हरचा आवाज माइकवरून आला, "अहो बाई, बसा आता. बस मी थांबवलीय, उशीर माझा. तुम्ही अशा माफ्या वाटत बसलात तर आगारात पोचायला उद्या उजाडेल!" अख्खी बस हसली. दुसऱ्या दिवशी तिला उशीर झाला नव्हता, तरी बस थांबलेलीच होती. तो ड्रायव्हर म्हणजे इसाओ.

इसाओ धिप्पाड, बडबड्या, थट्टेखोर. निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आत एका सकाळी जेवणाच्या काड्या त्याच्या हातातून खाली पडल्या, त्या पुन्हा उचलल्याच नाहीत. उजवं अंग गेलं. बोलण्यापैकी उरलं 'हं', 'नाही', आणि राग आला की एक सणसणीत शिवी, ती मात्र अगदी स्वच्छ उच्चारात. बाकीचे शब्द आत कुठेतरी अडकले होते. नोबुएने सगळं अंगावर घेतलं. भरवणं, पुसणं, आंघोळ घालणं. आणि प्रत्येक वेळी, "माफ करा हं, पाणी गार लागलं का? माफ करा हं, हात दुखला का?" आजारी तो, आणि माफी मागणार ही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, संध्याकाळच्या आंघोळीला, तो न्हाणीघरात घसरला. टब आणि भिंत यांच्या मधल्या फरशीवर बसकण मारून बसला तो बसलाच. नोबुएने काखेत हात घालून ओढलं. ओलं अंग, जड देह, तीही त्याच्या शेजारी आपटली. पुन्हा ओढलं, पुन्हा आपटली. मग ती नुसतीच त्याच्या गुडघ्यापाशी वाकून "माफ करा, अहो, माफ करा" करत राहिली. शेवटी इसाओनेच डाव्या हाताने बादली भिंतीवर बडवली, तेव्हा शेजारची रेइको धावत आली.

ही रेइको बाजारात कोबीची धिरडी विकते. वयाने नोबुएपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, उंचीला तिच्या खांद्याएवढी. तिने आत डोकावून पाहिलं, चपला काढल्या, इसाओच्या समोर पाय रोवून बसली, त्याला छातीशी घेतलं, आणि कमरेने एक हिसका दिला. तो धटिंगण उभा.

नोबुए बघतच राहिली. "रेइकोताई, हे... हे कसं केलंत?"

"त्यात काय? पाय आणि कंबर. हातांनी ओढशील तर हातच तुटतील."

"पण शिकलात कुठे?"

"तालमीत. टोफूवाल्याच्या शेजारी, मुष्टियुद्धाच्या. गुडघे दुखतात म्हणून गेले होते, आता गुडघ्यांना माझी भीती वाटते. चल की तूपण."

"मी? कुणाला मारायचं म्हणजे... नको बाई."

"कुणाला मारायचं नाहीये गं! टांगलेल्या पिशवीला मार. पिशवी तक्रार करत नाही."

एवढ्याने ती गेली नसती. पण इसाओच्या थोरल्या बहिणीला, फुसाकोला, बातमी लागली. आई लहानपणीच गेली, तेव्हा फुसाकोनेच इसाओला वाढवलं होतं. घरात तिचा शब्द खाली पडत नसे. तिचा हिमेजीहून फोन आला.

"नोबुए, माझ्या भावाला फरशीवर अर्धा तास नागवा बसवून ठेवलास म्हणे."

"माफ करा, वन्सं."

"माफी काय चाटायचीय? डोंगरापलीकडच्या संस्थेत मी त्याच्यासाठी खाट सांगून ठेवलीय. तिथे दणकट पोरं आहेत उचलायला."

"वन्सं, त्यांना घर सोडायचं नाही. नाही, नाही म्हणतात."

"त्याला दुसरं येतंय काय बोलायला?" फुसाको करवादली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "हे बघ, मी पितरांच्या आठवड्यात येते आईच्या थडग्यावर. तेव्हा माझ्यासमोर त्याला जमिनीवरून एकटीने उठवून दाखव. जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर त्याला घेऊनच जाईन."

"हो, वन्सं," म्हणत नोबुए फोनपुढे कमरेतून वाकली. पलंगावरून इसाओ हे सगळं बघत होता. त्याने ती स्वच्छ शिवी हासडली. बहिणीला की बायकोला, ते कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्याच दिवशी, दुपारी इसाओ झोपल्यावर, नोबुए तालमीच्या दारात उभी राहिली. आत घामाचा, चामड्याचा आणि शेजारून येणारा उकडलेल्या सोयाबीनचा वास. वस्ताद कुरामोतो म्हणजे चपट्या नाकाचा, साठी ओलांडलेला माणूस. एके काळी नाव कमावलेला, असं भिंतीवरचे पिवळे पडलेले फोटो सांगत. तो स्वतः मात्र त्या फोटोंकडे पाठ करून बसे.

"काय हवंय, बाई? वजन उतरवायचंय का नवऱ्याला बडवायचंय?"

"नवऱ्याला उचलायचंय," नोबुए म्हणाली आणि लगेच वाकली. "माफ करा, अशा कामासाठी आले."

वस्ताद तिच्या पायांकडे बघत म्हणाला, "उचलायचंय? मग बरोबर दारात आलीस. ये आत."

पहिल्या दिवशी तिने हाताला पट्ट्या अशा काही नीट गुंडाळल्या, घड्या सारख्या, टोकं आत खोचलेली, की वस्ताद म्हणाला, "वा! आता हे कुणाला भेट द्यायचंय?" बाकीच्या बायका खिदळल्या. कोपऱ्यातली घंटा तीन-तीन मिनिटांनी वाजे. एका घंटेला सुरू, दुसऱ्या घंटेला थांबा, जरा दम खा, की पुन्हा सुरू. ती घंटा कुणाची भीड बाळगत नाही. दोरीवरच्या उड्या मारताना नोबुएच्या नाकी नऊ आले. दोरी पायात अडकली की ती दोरीची माफी मागे. पहिले कितीतरी दिवस तिला आरशासमोर नुसतं उभं राहायला शिकवलं. डावा पाय पुढे, टाच हलकी, गुडघे सैल, हनुवटी खाली. घरी गेली की जिना चढताना मांड्या थरथरत, पण तिला रात्री पहिल्यांदाच गाढ झोप लागायला लागली. आपल्याला मांड्या आहेत हे तिला या वयात कळलं.

मग आली ठोशाची वेळ. वस्तादाने दोन्ही हातांत ठोसे झेलायच्या छोट्या गाद्या चढवल्या आणि समोर धरल्या. "हाण."

नोबुएने हाणला. टप् असा आवाज आला, आणि आवाजासरशी ती वाकली. "माफ करा!"

वस्तादाने गादी अलगद तिच्या कपाळावर टेकवली. "हे काय? ठोसा मारलास का दाराची कडी वाजवलीस? पुन्हा."

पुन्हा टप्, पुन्हा मान खाली, पुन्हा कपाळावर गादी.

"अगं बाई, ज्याला मारलंस त्याचीच माफी मागतेस, आणि वर डोकं पुढे करून देतेस! समोरच्याला आयतंच मिळतंय की. रेइको, ही अशीच आहे का गं?"

"अशीच आहे," पिशवी बडवता बडवता रेइको म्हणाली. "परवा माझ्या मांजराच्या शेपटीवर पाय पडला, तर त्याच्यापुढे तीनदा वाकली. मांजर लाजून निघून गेलं."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. नोबुएचे पाय सुधारले, कंबर सुधारली, ठोशाचा टप् जाऊन चांगला धप् यायला लागला. पण प्रत्येक ठोशामागे मान खाली जायचीच, आणि मान गेली की कंबर सुटायची, पाय मोकळे पडायचे. वस्ताद वैतागला. एक दिवस त्याने घंटा वाजूनही तिला सोडलं नाही.

"इकडे बघ. मी तुला मान ताठ कर म्हणतोय का? नाही. हनुवटी खालीच ठेवायची. तुझी मान मुळातच खाली आहे, बाकीच्यांना तेवढं शिकवायला माझे महिने जातात. फक्त नजर वर ठेव. माझ्या डोळ्यांत बघ. बुटांत काय ठेवलंय?"

नोबुएला ते पटलं. पण पटणं वेगळं आणि अंगात मुरणं वेगळं. घरी तरी सराव करावा म्हणून तिने बसायची उशी इसाओच्या डाव्या हातात दिली. "अहो, जरा धरता का? नुसती धरा. माफ करा हं, त्रास देते."

इसाओने उशी धरली. नोबुएने पवित्रा घेतला, ठोसा मारला, सवयीने वाकली, "माफ..." आणि धप्पकन उशी तिच्या कपाळावर आली. तिने दचकून वर पाहिलं. इसाओ हसत होता. अर्धाच चेहरा हसत होता, पण तो बसमधला, माइकवरचा हसणारा इसाओच होता. तो आजारी पडल्यापासून तिने त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. ती मटकन बसली आणि रडली, आणि रडताना माफी मागितली, तर उशी पुन्हा कपाळावर.

तेव्हापासून रोज दुपारी जवाचा थंड चहा झाला की तो स्वतःच उशी पुढे करायचा. त्याचा डावा हात पूर्वीपेक्षा ताठ राहू लागला. आणि ठोसे खाऊन खाऊन त्याला एक शब्द परत मिळाला. उशी टेकवताना तो म्हणायचा, "वर."

पितरांच्या आठवड्यात फुसाको आली. हातात तांदळाच्या गोड लाडवांचा डबा, अंगावर काळा पोशाख, चेहऱ्यावर निकाल लागल्याची कळा. आधी आईच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली, मग भावाच्या गालावरून हात फिरवला. तिचे डोळे भरले होते, हे नोबुएने पाहिलं. कजाग होती, पण भावावर जीव होता. त्यामुळेच तर तिच्यापुढे बोलणं अवघड होतं.

"कर सुरुवात," फुसाको म्हणाली.

इसाओला नोबुएने चटईवर बसवलं. समोर पाय रोवले, डावा पुढे. त्याला छातीशी घेतलं. आणि तेवढ्यात तिची नजर फुसाकोच्या पांढऱ्या मोज्यांवर गेली. "वन्सं, माफ करा, तुम्हाला एवढ्या लांबून..." मान गेली, कंबर सुटली, इसाओ अर्ध्यातून मागे बसला. नोबुए त्याच्यावर जवळजवळ कोसळली.

फुसाकोने निःश्वास टाकला. "झालं, नोबुए. तुझा दोष नाही. पण झालं."

"वन्सं, एकदाच... माफ करा, मी..."

आणि ती तिथेच, त्या चटईवर, माफीचं ते सगळ्यात खोल वाकणं वाकली.

तिच्या कपाळावर काहीतरी टेकलं. या वेळी उशी नव्हती. इसाओचा उघडा डावा तळवा होता, कोमट.

"वर," इसाओ म्हणाला.

फुसाकोने भावाचा आवाज ऐकला आणि ती जागच्या जागी थबकली. नोबुएने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिथेच नजर ठेवली. हनुवटी खाली, गुडघे सैल. टाचेपासून जोर निघाला, मांडीतून कमरेत आला, कमरेतून वर. इसाओने आपला चांगला पाय जमिनीला रेटला. दोघं एकदमच उठले. नोबुएच्या तोंडून 'हुश्श' झालं, 'माफ करा' नाही.

दोघं एकमेकांना धरून उभे होते. फुसाकोने भावाच्या पाठीवरून हात फिरवला. मग डोळे पुसत, हेका न सोडता म्हणाली, "आज उचललंस. पाच वर्षांनी काय करशील? तेव्हा तूही म्हातारी असशील."

प्रश्न खरा होता. जन्मभराच्या सवयीने नोबुएची मान खाली गेली, पण डोळे तिने फुसाकोच्या डोळ्यांवरच ठेवले.

"पाच वर्षांनी नाही जमलं, तर मीच तुम्हाला फोन करीन, वन्सं. आज ते घरीच जेवतील. तुम्हीही जेवूनच जा."

फुसाको जेवायला थांबली. इसाओने डाव्या हाताने लाडू उचलला, अर्धा मोडला, आणि आधी बायकोपुढे धरला.